मीठ आणि काडेपेट्या

बटाट्यावर करपा पडला तो पडलाच, वर गोदामाच्या मालकानं आपल्या दुकानातल्या तेलाचा भाव वाढवला. गोदामातलं काम आठवड्यातून चार दिवसांवर आलं होतं. उरलेले दिवस बायका दारात बसून एकमेकींची डोकी विंचरायच्या, नाहीतर भांडायच्या. पण भांडायलाही अंगात काही लागतं. निम्म्या घरांत संध्याकाळी चूल पेटत नव्हती.

दाभण्याच्या घरात तीन माणसं. तो, त्याची बायको आणि म्हातारी आई. दाभण्या हे काही आईनं ठेवलेलं नाव नव्हे. पूर्वी तो हमाल होता, पाठीवर भरलं पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचा. एकदा फळी सरकली. पोतं खाली, त्याच्याखाली हा. कंबर गेली ती गेलीच. मालकानं मात्र त्याला हाकललं नाही. एक लाकडी खोकं पालथं घालून दिलं, हातात दाभण आणि सुतळी दिली आणि म्हणाला, "बस इथं, पोत्यांची तोंडं शिव." तेव्हापासून तो दाभण्या. भरलेल्या पोत्याचे दोन कान वळायचे, तोंडाला टाके घालायचे, सुतळी दातानं तोडायची. बसून करायचं काम साऱ्या पंचक्रोशीत तेवढं एकच होतं. उभ्यानं त्याला एक तासही निघत नसे. पायाला मुंग्या यायच्या आणि मग पाय आपला आहे की शेजाऱ्याचा, तेच कळायचं नाही.

म्हणून त्या घरात देवापेक्षा जास्त काळजी त्या खोक्याची होती.

आता दुकानाचं. गोदामाच्या गेटाशीच मालकाचं किराणा दुकान. पगाराच्या खिडकीतून पैसे घ्यायचे आणि चार पावलांवर दुकानात नेऊन द्यायचे, म्हणजे नोट मालकाच्या या खिशातून त्या खिशात. दुसरीकडून किराणा आणू नये असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच काय? मागच्या साली एक हमाल सायकलला साखरेची पिशवी लटकवून आला होता, फाट्यावरच्या मोठ्या दुकानातून. मालक हसत हसत म्हणाला, "तिकडची साखर गोड लागत असेल तर पोतीही तिकडचीच उचल बाबा." दुसऱ्या दिवशी त्याला गेटातून आत घेतलं नाही. हातगाडीवर भांडीकुंडी घालून ते कुटुंब गेलं. कुठं गेलं ते कुणी विचारलंसुद्धा नाही, कारण विचारणाऱ्याकडे मालक बघत होता.

दाभण्याच्या बायकोच्या डोक्यात हे खूळ घातलं ते अंडीवालीनं. ही बाई डोक्यावर टोपली घेऊन दहा गावं हिंडायची आणि अंड्यांपेक्षा बातम्याच जास्त विकायची.

"एवढ्या भावानं तेल घेता तुम्ही?" ती दारात टेकून म्हणाली. "अगं बाई, कालव्यापलीकडच्या घाण्यावर याच्या पाऊणपटीत मिळतं. तेही डोळ्यांदेखत काढलेलं."

"असेल," दाभण्याची बायको म्हणाली. "आपल्याला काय त्याचं."

"आणि पीठ गिरणीवरून घ्यावं. तो गिरणीवाला खाली सांडलेलं वेगळं ठेवतो, चाळून घेतलं की झालं. आणि फाट्यावरच्या दुकानात तुटका साबण वजनावर देतात. साबण तुटला म्हणून काय फेस येत नाही?"

"मावशी, हळू बोला हो."

"मी कशाला हळू बोलू? मला काय तुझ्या मालकाची पोती शिवायचीत?" असं म्हणून ती टोपली उचलून गेली. जाताना एक अंडं म्हातारीच्या हातात ठेवून गेली, पैसे न घेता. तडा गेलेलं होतं ते, पण तरी.

चार दिवस दाभण्याच्या बायकोनं ते डोक्यातून काढून टाकायचा प्रयत्न केला. पाचव्या दिवशी संध्याकाळी नवरा कामावरून आला, भिंतीला धरून खाली बसला आणि म्हणाला, "मला भूक नाही, तुम्ही दोघी जेवा." त्याला भूक होती. एकाच खोलीत राहणाऱ्या माणसाच्या पोटातला आवाज ऐकू येत नाही का? दुसऱ्या दिवशी काम नव्हतं. ती तेलाची बाटली पदराखाली धरून कालव्याच्या कडेनं निघाली.

तसं अंतर काही फार नव्हतं, पण तिला ते संपेचना. समोरून सायकल आली की पदर आणखी पुढं. मागून आवाज आला की मान आपोआप खाली. घाण्यावरच्या माणसानं "कुठल्या गावच्या?" म्हणून साधं विचारलं, तर तिच्या तोंडून भलत्याच गावाचं नाव गेलं. तो बरं म्हणाला आणि तेल मोजू लागला. परतताना तिनं बाटली पोटाशी अशी धरली होती की पोटुशी बाई वाटावी.

पुढच्या रिकाम्या दिवशी गिरणी. त्याच्या पुढच्या दिवशी फाटा. एका दिवशी दोन ठिकाणी जायचं नाही, एकाच वाटेनं जायचं-यायचं नाही, हे तिनं आपलं आपणच ठरवलं. घरी आल्यावर दार लावायचं आणि माल बदलायचा. घाण्याचं तेल मालकाच्या दुकानातल्या बाटलीत. गिरणीचं पीठ मालकाच्या दुकानाचा शिक्का असलेल्या पिशवीत. साबणाचे तुकडे ओल्या हातानं दाबून एकच वडी करायची. चोरी केलेली नव्हती, तरी चोरालाही लाजवील अशी तिची तयारी.

दाभण्याला हे तिसऱ्या फेरीत कळलं. त्यानं पिठात बोट घातलं, चोळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे इथलं नाही."

"जेवा."

"अगं, माझं खोकं जाईल."

"कुणी बघितलं नाही."

"आज नाही बघितलं. उद्या बघेल. मला कुठं उभं राहता येतं? तू सांग, कुठं?" त्याचा आवाज बारीक झाला. "त्या हमालाची सायकल आठवते ना?"

तिनं ताट पुढं सरकवलं. तो बघत राहिला आणि मग जेवला, पोटभर, आणि जेवून झाल्यावर लहान मुलासारखा रडला. भीतीनं रडला की भरल्या पोटानं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याच्या भीतीनं मग तिनं आणखी एक युक्ती काढली. मालकाच्या दुकानात जाणं एकदम बंद झालं तर संशय येणार. म्हणून रोज काहीतरी घ्यायचंच. सगळ्यांत स्वस्त काय, तर मीठ आणि काडेपेटी. आज मिठाची पुडी, उद्या काडेपेटी. हसतमुखानं जायचं, पोरासोरांची चौकशी करायची आणि काडेपेटी घेऊन यायचं. कोपऱ्यातल्या डब्यात काडेपेट्यांची चळत लागली. मिठाच्या पुड्या तर इतक्या झाल्या की म्हातारी म्हणाली, "सूनबाई, आपण काय आता मासे खारवणार आहोत?"

म्हातारीची धास्ती निराळीच. तिला बजावलं होतं, कुणाला काही बोलायचं नाही. ती इमानदार बाई. दारात बसायची आणि कुणी येताना दिसलं की आधीच सांगायची, "आम्ही कुठं जात नाही हो बाजाराला! आम्ही आपले इथंच!" पाणीवाला बिचारा पाणी द्यायला आलेला असायचा. सून आतल्या आत कपाळ बडवून घ्यायची.

आणि मग तो मोरीतला प्रकार झाला.

त्या दिवशी ती घाण्यावरून परत येत होती. ऊन डोक्यावर, धूळ पायाला चटके देणारी. वळणावरून जीपचा आवाज आला. मालकाच्या जीपचा आवाज गोदामातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखायचं, तिचा सायलेन्सर फुटका होता. दोन्ही बाजूंना उघडं रान, करप्यानं जळलेले वाफे, आडोशाला एक झाड नाही. रस्त्याखालून पाणी जायची सिमेंटची मोरी होती. तिनं बाटली छातीशी धरली आणि कडेनं घसरत, कोपरं सोलत, त्या मोरीत शिरली.

आत कुणीतरी आधीच बसलेलं होतं.

डोळ्यांना अंधार सरावला तेव्हा दिसलं की गुडघे पोटाशी घेऊन मुकादमीण बसली आहे. मुकादमीण म्हणजे मुकादमाची बायको. शेडमध्ये बटाटे निवडणाऱ्या बायकांच्या ओळींसमोरून हात मागे बांधून फिरायची आणि कुणी बोललं की मालकाला जाऊन सांगायची, असा तिचा लौकिक. तीच आता चिखलात बसलेली, आणि तिच्या मांडीशी घाण्याचा शिक्का असलेला पत्र्याचा चौकोनी डबा. पंधरा किलोचा.

डोक्यावरून जीप गेली. मोरी थरथरली, वरून माती पडली. दोघींनी श्वास रोखून धरला होता. आवाज लांब गेला तरी दोघी हलल्या नाहीत.

शेवटी मुकादमीण पुटपुटली, "मी तुला पाहिलं नाही."

"मीही नाही."

"आधी तू जा. नंतर मी."

बस्स, एवढंच बोलणं झालं. पण ती घरी आली ते हुडहुडी भरल्यासारखी. मुकादमिणीनं पाहिलं! आता ती स्वतःला वाचवायला आपलंच नाव सांगणार. सांगणारच की! सगळ्यांच्या चुगल्या करून तर तिचं बस्तान बसलेलं. रात्रभर तिला एकच दिसत होतं, रिकामी पडलेली खोक्याची जागा. मध्येच एक विचार डोकावून गेला की घरात नवराबायको दोघंच, मग या बाईला पंधरा किलो तेल कशाला लागतं? पण भ्यालेल्या माणसाला एक विचार शेवटाला नेता येत नाही. तो विचार तिथंच राहिला.

दोन दिवस काही झालं नाही. शेडमध्ये मुकादमीण नेहमीसारखी हात मागे बांधून फिरत होती, पण हिच्या समोर आली की नजर बटाट्यांकडे. ही खाली मान घालून निवडत होती. मोठा इकडे, बारका तिकडे, सडका मागे. करप्याच्या बटाट्यात बोट नकळत आत जायचं आणि तो वास नखांत दिवसभर राहायचा. दर थोड्या वेळानं ती मान वळवून बघायची. खोकं होतं. खोक्यावर नवरा होता. मग पुढचा बटाटा.

तिसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. तिच्या मागे आणखी दोघीतिघी उभ्या होत्या. मालक गल्ल्यावर होता, ताजी दाढी केलेला, खुशीत.

"काय वहिनी, काय देऊ?"

"एक काडेपेटी."

मालकानं काडेपेटी काढून समोर ठेवली. मग दुसरी ठेवली. तिसरी ठेवली. एकावर एक ठेवत गेला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"तुमच्याकडे रोज किती वेळा चूल पेटते हो वहिनी?"

ती त्या चळतीकडे बघत म्हणाली, "ओल्या झाल्या... काड्या."

"मीठही ओलं झालं असेल." तो हसला. "काड्या नेता, मीठ नेता. पेटवून त्यावर काय शिजवता? मीठ? पीठ नेलं नाही, तेल नेलं नाही, आणि म्हातारीच्या अंगावर तर मांस दिसतंय."

मागच्या बायकांतल्या एकीच्या हातातली मिठाची पुडी तिनं पदराआड केली, ते हिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

"आणि तुम्ही एकट्या असतात तर मी बोललोही नसतो," मालक हळू आवाजात म्हणाला. "अख्ख्या शेडला यंदा मिठाची आणि काड्यांची भूक लागली आहे. मी काय डोळे मिटून बसलोय? नावं हवीत मला. तुम्ही शहाण्या आहात. तुमच्या घरच्याला मी बसायला जागा दिली. सांगा, वाटेत कोण कोण भेटतं?"

अख्खी शेड! तिला हे खरंच वाटेना. म्हणजे त्या सगळ्याच? समोर राहणारी, शेजारची, रोज पाण्याला भेटणारी? सगळ्याच पदराखाली बाटल्या धरून आणि एकमेकींना घाबरून?

आणि दुकानाच्या दारात मुकादमीण उभी होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. हिच्या तोंडाकडे ती अशी बघत होती की आता जीव जाईल.

नाव अगदी ओठांवर होतं. एक नाव सांगितलं की सुटका. आणि त्या बाईनं तरी आजवर कुणाची गय केली होती? हिच्याच शेजारणीची अर्ध्या दिवसाची मजुरी तिनं कापायला लावली होती. सांगावं. खोकं राहील. तिनं तोंड उघडलंही. पण मोरीतला तो घामट, मातीचा वास तिच्या नाकात आला, आणि गुडघे पोटाशी घेतलेली ती बाई दिसली, हुबेहूब आपल्यासारखी भ्यालेली.

"मला कुणी भेटत नाही," ती म्हणाली. "मी एकटीच जाते."

बोलून गेली आणि मग कळलं की आपण कबूल केलं.

"बरं," मालक म्हणाला. त्यानं काडेपेट्या एकेक करून परत आत ठेवल्या. एकही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं नव्हतं. मालकानं कुणाला काही सांगितलं नाही, ओरडला नाही. खोकं वजनकाट्यामागे नेऊन त्याच्यावर स्वतःचा पाण्याचा माठ ठेवला, एवढंच. दाभण्या आला, जागेकडे बघितलं, माठाकडे बघितलं आणि उभ्यानं शिवायला लागला. पोतं कमरेएवढं, म्हणजे त्याला वाकावं लागायचं. पहिल्या पोत्याला टाके बरे पडले. नंतर तो पोत्यालाच धरून उभा राहू लागला. दुपारी सुतळीचा गुंडा हातातून सुटून घरंगळत गेला. तो गुंड्याकडे बघत राहिला, पण त्याला खाली वाकता येईना. हमाल येता-जाता तो ओलांडत होते, कारण मालक काट्यापाशी उभा होता. शेवटी तिनंच ओळीतून उठून तो उचलून दिला. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी त्याला दोन ठिकाणी बसवत बसवत तिनं घरी आणलं. म्हातारीनं पाणी तापवलं. सून त्याची कंबर शेकत होती, तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"उद्या नाही जमायचं," तो भिंतीला म्हणाला. "उद्या मी पडेन. पडलो की झालं."

"मी चुकले," ती म्हणाली. "मी त्याच्या पाया पडते उद्या."

"नाव सांगायचं होतंस. कुणाचंही."

ती शेकतच राहिली. सांगायचं होतं का? तिलाही तेच वाटत होतं आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. बाहेर कुणाचीतरी चाहूल लागली, पावलं घरासमोरून गोदामाकडे गेली. काहीतरी जड वस्तू दोघींतिघींनी धरून न्यावी तशी ती पावलं अडखळत होती. म्हातारी सवयीनं ओरडली, "आम्ही कुठं जात नाही हो!" बाहेरून कुणी उत्तर दिलं नाही.

सकाळी ती नवऱ्याला खांद्याचा आधार देत गेटातून आत शिरली. मालकाच्या पाया कसं पडायचं, कुठं गाठायचं, हेच घोळत होतं. शेडमध्ये बायका ओळीत बसलेल्या होत्या, रोजच्यापेक्षा लवकर.

खोक्याच्या जागी एक डबा होता.

पत्र्याचा, चौकोनी, पंधरा किलोचा. पालथा नव्हता. तोंडापर्यंत वाळू भरून घट्ट ठोकलेला, वर गोणपाटाची चौपदरी घडी, ती सरकू नये म्हणून सुतळीनं बांधलेली. बसणाऱ्या माणसाला टोचू नये म्हणून पत्र्याच्या कडा आत वळवलेल्या. आणि पुढच्या अंगाला, लपवलेला वगैरे काही नाही, घाण्याचा लाल शिक्का.

दाभण्या जागच्या जागी थांबला. "हे कुणी ठेवलं?"

तिनं ओळीकडे बघितलं. सगळ्यांची बोटं बटाट्यांत. मुकादमीण टोकाला उभी होती. आज तिचे हात मागे नव्हते. पुढे होते, आणि उजव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती.

मालक आला. लांबूनच त्याला शिक्का दिसला. तो डब्यापाशी आला, पायानं त्याला ढकलून पाहिलं. डबा हलला नाही.

"हा डबा कुणाचा?"

कुणी बोललं नाही. पण बटाटे पडायचा आवाज बंद झाला. एक नाही, दोन नाही, दोन्ही ओळींचे हात थांबले. हमाल फळीवर थांबले. दाराशी ट्रक उभा होता, त्याचं इंजिन तेवढं चालू होतं.

"मी विचारतोय. तेल कुणाच्या घरचं?"

पंधरा किलो तेल एका घरचं नसतं, हे किराणा विकणाऱ्याला कुणी सांगायला नको. त्याची नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेली आणि परत आली. तो तोंडांची मोजदाद करत होता.

पाया पडायचं ते आत्ताच, असं एक मन म्हणत होतं. तिनं नवऱ्याचा दंड धरला. तो घामानं भिजला होता.

"बसा," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं.

"बसा की. उभ्यानं टाके वाकडे पडतात. काल दोन पोती उसवली." आवाज कापत होता, पण शेडभर ऐकू गेला.

दाभण्या बसला. हळूहळू, आधी एक हात गोणपाटावर टेकवून, मग अर्धं अंग, मग सगळं. बसल्यावर त्याच्या तोंडून एक सुस्कारा निघाला. त्यानं मालकाकडे बघितलं नाही. दाभणात सुतळी ओवली आणि समोरच्या पोत्याचा कान वळला.

मालक तिथंच उभा होता. ट्रकवाल्यानं भोंगा दिला, एकदा, दोनदा. माल वाटेत सडायच्या आत पोचायचा होता. मालकानं ट्रककडे बघितलं. "हात चालवा," तो म्हणाला आणि काट्याकडे गेला.

बटाटे पुन्हा पडू लागले. आज नाही तर उद्या तो काहीतरी करणार, हे शेडमध्ये सगळ्यांनाच ठाऊक होतं. हंगाम संपला की एकेकीला गाठील, गेट बंद करील, काय वाटेल ते करील. मुकादमीण ओळीसमोरून जाताना हिच्यापाशी क्षणभर थांबली आणि हिच्या ढिगातला एक सडका बटाटा उचलून मागे टाकून पुढे गेली.

संध्याकाळी शेड सुटली. बायका गेटातून बाहेर पडल्या, दुकान उघडं होतं, मालक गल्ल्यावर बसला होता. ती दाराशी आली आणि सवयीनं पाय वळला. घरात मीठ होतं. काड्याही होत्या, वर्षभर पुरतील इतक्या. आत जायला काही कारण नव्हतं.

तरी ती थोडा वेळ तिथं उभी राहिली. मग मागून येणाऱ्या नवऱ्यासाठी थांबली, त्याचा हात खांद्यावर घेतला आणि दुकानावरून पुढे निघाली.